नायट्रिक ऑक्साइड आणि मेंदूचा झटका : रक्तातल्या खुणांचा शोध

नायट्रिक ऑक्साइड हा नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला रंगहीन वायू आहे. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला 'हसवणारा वायू', तो वेगळा. दोघांची गल्लत नेहमी होते. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना सुटा असतो, त्यामुळे जवळ येईल त्याच्याशी तो चटकन अभिक्रिया करतो. हवेशी गाठ पडली की त्याचा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होतो. रायगड जिल्ह्यातल्या कारखान्यांना हा वायू जुन्या ओळखीचा आहे. तळोज्याला नायट्रिक आम्ल बनवताना अमोनिया आणि हवा यांचे मिश्रण प्लॅटिनमच्या तप्त जाळीवरून नेतात, तेव्हा पहिल्या टप्प्यात तयार होतो तो हाच. विसाव्या शतकाचा बराच काळ त्याची ओळख धुराड्यांतला आणि गाड्यांच्या धुरातला प्रदूषक एवढीच होती. तोच वायू माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात अहोरात्र तयार होतो, आणि तो थांबला तर रक्तदाब भडकतो, हे १९८०च्या दशकात कळले. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा हा वायू काही पेशींना तारतो आणि काहींना मारतो. कुठे तारतो आणि कुठे मारतो हे रक्ताच्या नमुन्यावरून ओळखता येईल का, हा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला एक चिवट प्रश्न आहे.

हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीन देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून होती. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनाही अखेरच्या काळात डॉक्टरांनी तेच सुचवले होते. ते काम कसे करते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. १९७७ साली फरीद मुराद यांनी दाखवले की या औषधातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि त्यामुळे रक्तवाहिनीचा स्नायू सैल पडतो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करताना वेगळीच गोष्ट हेरली. वाहिनीचे आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीन या रसायनाने ती सैल पडत होती. हाताळताना अस्तर घासून गेले असेल तर नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होते आणि शेजारच्या स्नायूला निरोप देत होते. हे 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावा, असे फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी १९८६ मध्ये सुचवले, आणि १९८७ मध्ये इंग्लंडमधील साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने ते प्रत्यक्ष मोजून दाखवले. १९९२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने या चिमुकल्या वायूला वर्षाचा रेणू ठरवले. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. मोंकादा यांचे नाव त्यात नव्हते. ते असायला हवे होते असे मानणारे शास्त्रज्ञ आजही कमी नाहीत.

शरीर हा वायू साठवून ठेवू शकत नाही. काही सेकंदांत तो नाहीसा होतो, म्हणून लागेल तेव्हा आणि लागेल तिथे तो ताजा बनवावा लागतो. कच्चा माल म्हणजे आर्जिनीन हे अमिनो आम्ल आणि ऑक्सिजन. आर्जिनीन शेंगदाण्यांत, डाळींत, मासळीत असते आणि शरीरही ते थोडेफार बनवते. नायट्रिक ऑक्साइड सिंथेज या एंझाइमच्या मदतीने आर्जिनीनचे सिट्रुलीन होते आणि वायू सुटा होतो. या एंझाइमचे तीन प्रकार आहेत आणि पुढची सगळी गोष्ट त्या तिघांचीच आहे. पहिला रक्तवाहिनीच्या अस्तरातला, त्याला ई-नॉस म्हणतात. रक्त वाहताना अस्तरावर जो घासता दाब पडतो त्याने तो जागा होतो आणि थोडा थोडा वायू सोडत राहतो. वाहिनी रुंदावते, रक्तातले बिंबाणू एकमेकांना चिकटत नाहीत, पांढऱ्या पेशी भिंतीला धरत नाहीत. दुसरा चेतापेशींतला, एन-नॉस. १९९० मध्ये डेव्हिड ब्रेट आणि सॉलोमन स्नायडर यांनी तो मेंदूतून वेगळा काढला. चेतापेशींमधल्या निरोपांत, स्मरणाच्या कामात त्याचा वाटा असतो. तिसरा आय-नॉस. तो एरवी जवळपास नसतोच. जंतुसंसर्ग झाला किंवा पेशी मरू लागल्या की रोगप्रतिकारक पेशी तो नव्याने बनवतात, आणि मग तो तासन्‌तास, दिवसेंदिवस भरमसाट वायू ओकत राहतो. जंतू मारायला ते ठीक आहे. शेजारच्या पेशींची मात्र त्यात धडगत नसते.

आता मेंदूकडे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विश्रांती घेताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्यातला वीस टक्के तो एकटाच खातो, आणि साठा म्हणून काही ठेवत नाही. निरोगी मेंदूच्या दर शंभर ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की चेतापेशी काम थांबवतात. १० च्या आसपास आले की त्या मरू लागतात. गुठळीने एखादी धमनी बंद झाली की तिच्या पुरवठ्याच्या अगदी मध्यावरचा भाग काही मिनिटांतच गमावला जातो. त्याभोवतीचा पट्टा मात्र २० आणि १० च्या दरम्यान तग धरून असतो: मुका, पण जिवंत. या पट्ट्याला वैद्यक पेनम्ब्रा म्हणते, आणि झटक्यावरचा सगळा उपचार त्याच्यासाठीच असतो. अमेरिकी चेतातज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला: मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात.

पेण-रोह्याकडे या आजाराला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. पुस्तकी नाव पक्षाघात, बोलीत लकवा. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत: धमनी बंद पडून होणारा आणि धमनी फुटून रक्तस्राव होणारा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडे होते, हातातली ताकद जाते, जीभ जड होते. डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली २००५-०६ मध्ये मुंबईतल्या सुमारे दीड लाखांच्या वस्तीचे सर्वेक्षण झाले. त्यात दरवर्षी लाखामागे १४५ लोकांना पहिलाच झटका आल्याचे आढळले. त्यातले सुमारे ८० टक्के झटके धमनी बंद पडल्याने आलेले होते, आणि रुग्णांपैकी जवळपास ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले.

धमनी बंद होताच नेमके काय घडते? पहिल्या मिनिटांत अस्तरातला ई-नॉस जोर करतो. आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावून तो आडवाटेने रक्त आणायला बघतो. पण कच्च्या मालात ऑक्सिजनही असतो आणि तोच तुटलेला, म्हणून हा जोर फार टिकत नाही. दरम्यान उपाशी चेतापेशींतून ग्लुटामेट नावाचे रसायन बदाबदा बाहेर पडते आणि शेजारच्या पेशींची कॅल्शियमची दारे सताड उघडते. आत घुसलेले कॅल्शियम एन-नॉसला जागे करते. हे एंझाइम दाराच्या अगदी लगत, पीएसडी-९५ नावाच्या प्रथिनाने बांधलेले असते, त्यामुळे उशीर लागतच नाही. १९९३ मध्ये तादेउश मालिन्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत अतिसूक्ष्म संवेदक खोचून हा क्षण मोजला. धमनी बंद केल्यावर नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण सुमारे १० नॅनोमोलवरून २.२ मायक्रोमोलवर गेले, म्हणजे दोनशेपटीहून अधिक. सुमारे बारा तासांनंतर तिसरा, आय-नॉस, मैदानात उतरतो. तोवर मेंदूत शिरलेल्या पांढऱ्या पेशी तो बनवू लागतात, एक-दोन दिवसांत त्याचे काम शिगेला पोचते आणि काही दिवस ते चालू राहते.

हे सगळे अंदाज होते, तोवर वाद घालायला जागा होती. जनुक काढून टाकलेल्या उंदरांनी ती संपवली. हार्वर्डमधल्या पॉल हुआंग, मायकेल मॉस्कोविट्झ यांच्या गटाने १९९४ मध्ये एन-नॉस नसलेल्या उंदरांच्या मेंदूची धमनी बंद केली, तेव्हा मेलेला भाग नेहमीपेक्षा लहान निघाला. १९९६ मध्ये ई-नॉस नसलेल्या उंदरांवर तोच प्रयोग केला, तर मेलेला भाग मोठा निघाला. कॉस्टान्टिनो इआडेकोला यांच्या गटाने १९९७ मध्ये आय-नॉस नसलेले उंदीर घेतले. त्यांचेही नुकसान कमी झाले. एकाच रेणूचे तीन कारखाने, त्यांतला एक तारणारा आणि दोन मारणारे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग वैद्यकात फार थोडे आहेत.

मारण्याचे काम नायट्रिक ऑक्साइड एकटा करत नाही. उपाशी पेशीत ऑक्सिजनचे सूपरऑक्साइड हे दुसरे आक्रमक रूप तयार होते. ते दोघे भेटले की त्यांचे पेरॉक्सिनायट्राइट होते, हे १९९० मध्ये जोसेफ बेकमन यांनी मांडले. सूपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारे एंझाइम पेशीत असते, पण त्याच्यापेक्षाही ही भेट वेगाने होते. पेरॉक्सिनायट्राइट डीएनए तोडते, तो दुरुस्त करण्याच्या धडपडीत पेशी उरलीसुरली ऊर्जा खर्चून बसते, आणि प्रथिनांतल्या टायरोसीनवर नायट्रोची मोहर उठते. ही मोहर, नायट्रोटायरोसीन, पुढे बायोमार्कर म्हणून उपयोगी पडते. शिवाय ई-नॉसला लागणारा टेट्राहायड्रोबायोप्टेरीन हा मदतनीस रेणू या धुमश्चक्रीत खराब होतो, आणि मग तारणारे एंझाइमही नायट्रिक ऑक्साइडऐवजी सूपरऑक्साइड सोडू लागते. म्हणजे रक्षकच पक्ष बदलतो.

याचा एक परिणाम डॉक्टरांना प्रत्यक्ष छळतो. गुठळी निघते, मोठी धमनी मोकळी होते, चित्रात रक्त वाहताना दिसते, तरी रुग्ण सुधारत नाही. तुर्कस्तानातील तुर्गाय दलकारा यांच्या गटाने २००९ मध्ये त्यामागचे एक कारण उंदरांत दाखवले. केशवाहिन्यांना वेढून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. पेरॉक्सिनायट्राइटच्या तडाख्याने त्या आकसतात आणि मोठी धमनी उघडल्यावरही आकसलेल्याच राहतात. मुख्य कालव्याला पाणी आले तरी शेतातले पाट बुजलेले, अशी ही गत.

बायोमार्कर म्हणजे जैवनिर्देशक: रक्तात, लघवीत किंवा पाठीच्या कण्यातल्या पाण्यात मोजता येणारी अशी खूण, जिच्यावरून आत काय चालले आहे ते कळावे. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन हे काम चोख करते. मेंदूच्या झटक्याला असे काही मिळावे, म्हणून नायट्रिक ऑक्साइडकडे साहजिकच लक्ष गेले. अडचण ही की तो स्वतः सेकंदांत संपतो. मोजता येतात ते त्याचे अवशेष: नायट्राइट, जे रक्तात काही मिनिटे टिकते, आणि नायट्रेट, जे काही तास टिकते. ते मोजण्याची सगळ्यांत स्वस्त पद्धत १८७९ ची आहे. पीटर ग्रीस हा जर्मन रसायनज्ञ इंग्लंडमधल्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता आणि फावल्या वेळात डायझो संयुगांवर काम करत होता. नायट्राइट असलेल्या द्रवात दोन रसायने टाकली की गुलाबी रंग येतो; रंग जितका गडद, तितके नायट्राइट जास्त. सगळा ॲझो रंगांचा उद्योग याच अभिक्रियेवर उभा राहिला. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या रसायनतंत्रज्ञांना ती नवी नाही. वैद्यकीय प्रयोगशाळेत तीच चाचणी रुग्णाच्या रक्तद्रवावर करतात.

स्पेनमधील होसे कास्तियो आणि सहकाऱ्यांनी २००० साली १०२ रुग्णांच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासले. पहिल्या दोन दिवसांत ज्यांची तब्येत ढासळली, त्यांच्या पाण्यात नायट्रिक ऑक्साइडचे अवशेष अधिक होते आणि मेंदूचा मेलेला भागही मोठा होता. निष्कर्ष बोलका होता. पण झटका आलेल्या प्रत्येकाच्या कण्यात सुई घालणे व्यवहार्य नाही. आणि साध्या रक्तावर तीच मोजणी केली की गोंधळ सुरू होतो. काही अभ्यासांत झटक्यानंतर प्रमाण वाढलेले दिसले, काहींत घटलेले. त्याचे कारण उघड आहे. रक्तातले नायट्रेट तिन्ही एंझाइमांचे मिळून असते. तारणाऱ्याचे किती आणि मारणाऱ्याचे किती, याचा पत्ता त्या आकड्यात नसतो. शिवाय त्यात ताटातलेही असते. माठ, पालक, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर असते. ते लाळेत उतरते, जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पोटात त्याचा पुन्हा नायट्रिक ऑक्साइड होतो. आदल्या रात्री लाल माठाची भाजी खाल्लेल्या माणसाचा आकडा झटक्याशिवायही वर जाऊ शकतो. विहिरीच्या पाण्यात उतरलेले खतातले नायट्रेट, मूत्रपिंडाचा विकार, तंबाखू, छातीत दुखले म्हणून घेतलेली सॉर्बिट्रेटची गोळी, हे सगळेच त्या गुलाबी रंगात मिसळते.

म्हणून संशोधक बाजूच्या खुणांकडे वळले. पेरॉक्सिनायट्राइटने उठवलेली नायट्रोटायरोसीनची मोहर अधिक नेमकी आहे, पण तिचे प्रमाण इतके अत्यल्प असते की तालुक्याच्या प्रयोगशाळेत ती मोजणे अशक्यच. असिमेट्रिक डायमिथिल आर्जिनीन, थोडक्यात एडीएमए, हा शरीरातच तयार होणारा रेणू आर्जिनीनची जागा अडवून एंझाइम बंद पाडतो. १९९२ मध्ये पॅट्रिक व्हॅलन्स आणि मोंकादा यांनी तो मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत दाखवला. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांत तो वाढतो. झटका आता आला आहे का हे तो सांगत नाही. अस्तर किती काळ आजारी आहे हे मात्र सुचवतो. एमएमपी-९ हे एंझाइम मेंदू आणि रक्त यांमधला पडदा कुरतडते, आणि नायट्रिक ऑक्साइड त्याला चालना देतो. रक्तात ते सुरुवातीलाच वाढलेले असेल तर गुठळी विरघळवल्यावर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका अधिक, असे स्पेनमधल्याच अभ्यासांत दिसले.

महाराष्ट्रात या विषयावर सातत्याने काम झाले ते नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये. चेतातज्ज्ञ डॉ. जी. एम. टावरी, जैवरसायनज्ञ डॉ. हातिम दागिनावाला आणि डॉ. राजपाल सिंग कश्यप यांच्या गटाने झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तातली प्रथिने विजेच्या प्रवाहाने पट्ट्यांत पसरून पाहिली. आधी एस-१०० बीटा आणि न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज या दोन खुणांशी त्या पट्ट्यांची सांगड घातली. मग २००९ मध्ये त्यांनी आयटीआयएच-४ हे प्रथिन पुढे आणले: झटक्याच्या सुरुवातीला ते रक्तातून जवळपास नाहीसे होते आणि रुग्ण सुधारू लागला की परत दिसू लागते. मरणाऱ्या पेशींतून सांडणाऱ्या वस्तू सगळेच शोधत असताना, नाहीशा होणाऱ्या वस्तूवर बोट ठेवणे हे या कामाचे वेगळेपण. ते मोठ्या बहुकेंद्री चाचण्यांतून पुढे गेले असते तर बरे झाले असते.

या सगळ्या खुणांत सामान्य रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत कामाची ठरू शकेल अशी एकच आहे, आणि तिचा नायट्रिक ऑक्साइडशी थेट संबंध नाही. जीएफएपी हे प्रथिन चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींत असते. धमनी फुटली की त्या पेशी तत्काळ फाटतात आणि जीएफएपी पहिल्या तासांतच रक्तात येते. धमनी बंद झाली असेल तर पेशी हळूहळू मरतात आणि ते दोन-चार दिवसांनी शिखर गाठते. म्हणजे पहिल्या चार तासांत जीएफएपी जास्त असेल तर रक्तस्राव, कमी असेल तर बहुधा गुठळी. जर्मनीत ख्रिश्चन फोर्च यांच्या गटाने २०१२ मध्ये २०५ रुग्णांवर हे तपासले. रक्तस्राव ओळखण्यात संवेदनशीलता सुमारे ८४ टक्के आणि विशिष्टता ९६ टक्के मिळाली. आकडे चांगले आहेत, पण पुरेसे नाहीत. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला चुकून दिले तर ते जिवावर बेतते, आणि सोळा टक्के रक्तस्राव निसटू देणाऱ्या चाचणीवर विसंबून ते देता येत नाही. सीटी स्कॅनला अजून पर्याय नाही.

झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे लवकर कळण्याची गरज पेण-रोह्याला जितकी आहे तितकी मुंबईला नाही. दोन्ही गावांत उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला. पण गुठळी धमनीतून नळीने ओढून काढण्याचा उपचार हवा असेल तर पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईच गाठावी लागते. रोहा ते पनवेल हे अंतर रेल्वेने ७५ किलोमीटर आहे. रस्त्याने नागोठणे, वडखळ, पेण असा मुंबई-गोवा महामार्ग पकडावा लागतो, ज्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडत आले. डोंगरातल्या वाडीवरून आधी डांबरी रस्त्याला यायचे, मग हे अंतर. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज १९९५ च्या अमेरिकी चाचणीने पहिल्या तीन तासांत आणि २००८ च्या युरोपीय चाचणीने साडेचार तासांपर्यंत उपयुक्त ठरवले. टेनेक्टेप्लेज हे त्याच कुळातले औषध एका झटक्यात शिरेत देता येते, ते पुण्यातली जेनोव्हा ही कंपनी बनवते. नळीने गुठळी काढण्याची मुदत निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाढली आहे. मुदत वाढली म्हणून वाट पाहायची असे नव्हे. दर मिनिटाचा १९ लाख पेशींचा हिशेब चालूच असतो.

रुग्णवाहिकेतच किंवा तालुक्याच्या रुग्णालयातच काही देता येईल का, या विचाराने नायट्रिक ऑक्साइडवर आधारलेली औषधेही तपासली गेली. ई-नॉस तारतो, तर बाहेरून तोच वायू पुरवू, हा तर्क सरळ होता. नायट्रोग्लिसरीनची पट्टी कातडीवर लावण्याची एनॉस ही चाचणी ४,०११ रुग्णांवर झाली; २०१५ मध्ये निकाल आला, फायदा नाही. कदाचित उशीर होत असेल, म्हणून ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेतच पट्टी लावून पाहिली; १,१४९ रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला, तोही नकारात्मक, आणि रक्तस्रावाच्या रुग्णांत अपायाची शंका उरली. उलट बाजूने, एन-नॉसला पीएसडी-९५ पासून सोडवणारे नेरिनेटाइड हे औषध २०२० मध्ये गुठळी काढलेल्या रुग्णांवर तपासले. एकंदरीत फरक पडला नाही. अल्टेप्लेज न घेतलेल्यांत लाभ दिसला, पण त्यानंतरही हे औषध नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. उंदरांत जे इतके स्वच्छ दिसले ते माणसांत का धूसर होते, याचे उत्तर त्या प्रयोगांतच आहे. उंदरात एकच कारखाना बंद करता येतो; शिरेतून किंवा कातडीतून दिलेले औषध सगळीकडे जाते.

यातून घरोघरी लागणारी एक सूचना निघते. कोकणात छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याची सवय घराघरांत आहे. ही गोळीही नायट्रिक ऑक्साइडच पुरवते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर ती मुळीच देऊ नये. रक्तदाब एकदम कोसळतो आणि पेनम्ब्राला आडवाटेने मिळणारे थोडेथोडके रक्तही तुटते. ॲस्पिरिनही स्कॅनआधी नको, कारण झटका फुटलेल्या धमनीचा असू शकतो. औषधांच्या दुकानांत ताकदीची म्हणून मिळणारी आर्जिनीनची पूडही निरुपद्रवी नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ जणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत आर्जिनीन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली आणि २००६ मध्ये तो निकाल छापून आला.

झटका येण्याआधी मात्र अस्तरातला ई-नॉस सांभाळणे बरेचसे माणसाच्या हातात असते. जास्त मिठाने तो मंदावतो, आणि खारेपाटाच्या या मुलखात मीठ कमी पडत नाही. पेणच्या खाडीकाठी मिठागरे होती, पेणचे पापड आणि मिरगुंडे राज्यभर जातात, पावसाळ्यात ताटात सुके बोंबील आणि सुकट असते. हे पदार्थ सोडा असे सांगणारा माणूस पेणमध्ये टिकणार नाही. पण रक्तदाब असलेल्याने पापड रोजचा न ठेवता सणाचा ठेवला तरी खूप झाले. सुकट धुऊन, भिजवून घेतली तर बरेचसे मीठ पाण्याबरोबर जाते. तंबाखू आणि दातांना लावायची मिश्री अस्तराला थेट अपाय करतात, त्यांना सूट नाही. चालणे आणि अंगमेहनत रक्ताचा घासता दाब वाढवतात, म्हणून ई-नॉसही वाढतो. पालेभाज्यांतले नायट्रेट रक्तदाब थोडा उतरवते, हे बीटाच्या रसाच्या प्रयोगांत २००८ पासून दिसले आहे. पण रसाने रक्तदाबाच्या गोळीची जागा घेता येत नाही. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिन औषधे ई-नॉसची बनावट वाढवतात, हा त्यांचा जादा गुण.

जीएफएपीसारखी चाचणी अधिक अचूक झाली तर तिची खरी परीक्षा उपजिल्हा रुग्णालयांतच घ्यायला हवी, कारण तिची गरज तिथेच आहे. अशा ठिकाणी संशोधन होत नाही, हा समज याच जिल्ह्याने खोटा पाडला आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचा प्राझोसिनचा उपचार तालुक्याच्या गावात काम करत सिद्ध केला आणि 'लॅन्सेट'ने तो छापला.

तूर्त, गुठळी विरघळवणारे औषध देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णात पाहावीच लागते अशी रक्ताची चाचणी एकच आहे, ती म्हणजे रक्तातली साखर. साखर फार खाली गेली तर हुबेहूब लकव्यासारखी लक्षणे दिसतात आणि ग्लुकोजने ती मिनिटांत जातात. ही चाचणी बोटाच्या टोकातल्या थेंबावर होते. बाकी सगळे वेळेवर अवलंबून आहे. म्हणून तोंड वाकडे, हात लुळा किंवा बोलणे अडखळते दिसताच १०८ ला फोन करावा. मालीश, भगत किंवा कबुतराचे रक्त यांत तासही घालवू नये. रुग्णाला तोंडाने काही देऊ नये. आणि तो शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ, तसेच चालू गोळ्यांची पाकिटे, सोबत द्यावीत. रुग्णालयात पहिला प्रश्न त्या वेळेचाच विचारला जातो.